दुखण्याची गोळी आणि पाचवे शील

वऱ्हाडातील कष्टकरी घरात दुखण्याची गोळी आता मीठ-मिरचीसारखी झाली आहे. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, डोक्यावर विटांची घमेली, अकोल्याच्या बाजारात पाठीवर वाहिलेली पोती. संध्याकाळी कंबर धरते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यापासून अकोल्याच्या अकोट फाईलपर्यंत चित्र सारखेच. ही गोळी बहुधा साधी असते. पण कधी कधी ती अफूच्या कुळातली असते आणि घेणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

गुंगी आणणारे औषध घेतले तर पाचवे शील मोडते काय, असा प्रश्न उपासक-उपासिका विहारात विचारतात. विनयपिटकाच्या महावग्गात याचे उत्तर आहे. पिलिंदवच्छ थेरांना वाताचे दुखणे होते. वैद्याने तेलात मद्य घालून कढवायला सांगितले आणि भगवान बुद्धांनी त्यास परवानगी दिली. पुढे काही भिक्खूंनी त्यात मद्य जास्त घातले व त्यांना नशा चढली. तेव्हा मद्याचा रंग, वास किंवा चव कळणार नाही एवढेच घालावे, अशी मर्यादा तथागतांनी घालून दिली. औषध नाकारले नाही, मात्रा ठरवून दिली. आम्हाला तर यात आजच्या डॉक्टरांचाच विचार दिसतो.

अफू आणि कामगार यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. त्या मातांना दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांना बाळंतपणाची रजाही मिळत नव्हती. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी घेतली आणि 1929 साली तो कायदा झाला. आईला चार दिवस घरी राहता आले तर बाळाला गुंगीत ठेवावे लागत नाही, इतकी ही साधी गोष्ट.

कमी व्यसनाचे औषध शोधण्याची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात फसवणूकही पुष्कळ झाली आहे. अफूपासून मॉर्फिन निघाले. त्याची सवय लागते हे कळल्यावर 1898 साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉईन बाजारात आणले, तेही खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून! 1996 साली अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन आले. याची चटक क्वचितच लागते, असे कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले. या कुळातील औषधांनी व अमली पदार्थांनी अमेरिकेत 2022 या एका वर्षात 80 हजारांवर माणसे मेली.

आपल्याकडे ट्रामाडॉल बरीच वर्षे सौम्य म्हणून सहज मिळत होते. एप्रिल 2018 मध्ये सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. फेब्रुवारी 2025 मध्ये तर आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात बनलेल्या टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉलच्या एकत्रित गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाले, आणि केंद्राने त्या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात थांबवली. तिथे त्या गोळ्या खाणारी मुलेही गरिबांचीच होती.

मग खरा पर्याय कोणता? त्यासाठी वेदना म्हणजे काय ते पाहावे लागेल. अमरावतीजवळच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात. मग चटका लागला, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम वाढत जाते. वेदना ही शरीराची राखणदार आहे, ती अजिबात नसणे हाही रोगच. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा निखाऱ्यांवर चालण्याचे आणि हातात सुरी खुपसण्याचे खेळ दाखवीत असे. त्याला वेदना कळतच नव्हती. चौदा वर्षांचा होण्याआधीच छतावरून उडी मारल्याने तो दगावला. त्याच्या नातलगांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिले की, वेदनेचा निरोप वाहणाऱ्या नसांतील सोडियमचे एक दार त्यांच्यात जन्मतः बंद होते.

यावरून नवी दिशा मिळाली. अफूची औषधे मेंदूत जाऊन काम करतात, म्हणून सुखही देतात आणि चटकही लावतात. त्याऐवजी निरोप वाटेतच, नसेपाशी अडवला तर? अशाच दुसऱ्या एका दारावर काम करणारे सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत 30 जानेवारी 2025 रोजी मंजूर झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर ते उपयोगी ठरले. मात्र कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवरच्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा फारसे सरस ठरले नाही. अमेरिकेत एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर, म्हणजे हजारावर रुपये. आमच्या हमाल बांधवाची दोन-तीन दिवसांची मजुरी!

तोवर हाताशी आहे ते नीट वापरावे. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा जास्त दिवसभरात कधीच घेऊ नयेत, दारू पिणाऱ्याने त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, तेही मोजावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची सवय लागत नाही, पण रोज उपाशीपोटी घेतल्यास जठराला व्रण पडतात व मूत्रपिंड बिघडते. उन्हात पाण्यावाचून राबणाऱ्यांना हा धोका अधिक. गुडघ्याला त्याच औषधाचा मलम पुष्कळदा पुरतो. मधुमेहाने पाय जळत असतील तर यातले काहीच फारसे चालत नाही. नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात. बाबासाहेबांनाही मधुमेह आणि पायांच्या नसांचे दुखणे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

कर्करोगाच्या रुग्णाला मात्र मॉर्फिन नाकारू नका. खर्ऱ्यापायी तोंडाचा कर्करोग आपल्या वस्त्यांत घरोघर ऐकू येतो. व्यसनाच्या भीतीने अशा माणसाला तळमळत ठेवणे ही करुणा नव्हे. 1985 च्या कायद्याने मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले. डॉक्टरांकडे ते मागण्यात संकोच कसला?

घरातली पट्टी आजच पाहा. नाव इंग्रजीत असते, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल लिहिले असेल, कोपऱ्यात लाल अक्षरांत एनआरएक्स असेल, तर ती गोळी शेजारणीला द्यायची नाही आणि चिठ्ठीशिवाय आणायची नाही. रोज घेण्याची सवय जडलीच असेल तर एकदम बंद करू नका. घाम, जुलाब, अंगदुखी सुरू होते, झोप उडते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो रात्री-अपरात्रीही फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते.