सुया, लोकर आणि अकोल्याची गाडी

मे महिन्यात लोकरीची टोपी विणणाऱ्या माणसाला लोक हसणारच. त्यात तो माणूस सातपूरच्या कंपनीत तीस वर्षे फिटर म्हणून राबलेला, मिशीवाला, साठीला टेकलेला असेल तर विचारूच नका. तो माणूस मी. गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात नाशिकरोडहून अकोल्याला जाताना मी डब्यात विणत बसलो होतो आणि अख्खा डबा माझ्याकडे बघत होता. आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे वाटेल. पण गोष्ट आरोग्याचीच आहे.

सुरुवात तंबाखूपासून झाली. सव्वीस वर्षे तंबाखू-चुना. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय, पाळी सुटली तरी सुटली नाही. निवृत्तीनंतर वस्तीतल्या तपासणी शिबिरात रक्तदाब मोजला तर १६०/१००. तो १४०/९० च्या वर राहू लागला की जास्त धरतात. पुन्हा दोनदा मोजला, तरी तेवढाच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले आणि तंबाखू बंद म्हणाले. गोळी घेणे सोपे होते. तंबाखू मात्र नुसती जिभेत नसते, ती हातात असते. डाव्या तळव्यावर घ्यायची, उजव्या अंगठ्याने मळायची, थोपटायची. जेवण झाले की माझा हात आपोआप खिशाकडे जायचा. खिसा रिकामा असला की चिडचिड व्हायची आणि ती घरच्यांवर निघायची.

माझी पत्नी लग्नाआधीपासून विणते. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या कानटोप्या तिच्या हातच्या. एके दुपारी वैतागून तिने दोन सुया आणि उरलीसुरली लोकर माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "अहो, धरा हे. सारखा खिसा चाचपू नका."

मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजलेला माणूस मी, पण वीस टाक्यांची ओळ पुढच्या फेरीत अठराची व्हायची. धागा इतका ओढायचो की सुई आत शिरायची नाही. सुलट टाका जमायला चार दिवस लागले, उलट टाक्याला दोन आठवडे. पण एक गोष्ट लवकर कळली. तंबाखूची तलफ जोराची असते, तरी ती फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढ्यात माझ्या दोन-तीन ओळी व्हायच्या. दोन्ही हात गुंतलेले, डोळे टाक्यांवर, तोंडात बडीशेप. असे दिवस काढले. मधे एका हळदीच्या रात्री घसरलो, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनला फोन केला. १८००-११-२३५६ हा नंबर फुकट लागतो. पलीकडून कुणी रागावले नाही, सल्लाच मिळाला.

रक्तदाब विणकामाने उतरला असे मी म्हणणार नाही. गोळी आजही चालू आहे, आणि कुणाचे ऐकून कुणीही आपली गोळी बंद करू नये. विणकामाने माझी तंबाखू सुटायला मदत झाली आणि संध्याकाळची चिडचिड कमी झाली, इतकेच मी सांगू शकतो. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी २०१३ साली निरनिराळ्या देशांतल्या ३,५४५ विणणाऱ्यांची उत्तरे गोळा करून प्रसिद्ध केली होती. जे आठवड्यातून जास्त वेळा विणतात, त्यांनी आपल्याला जास्त शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. आता हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेले, आणि उत्तरे देणाऱ्या बहुतेक बायकाच. म्हणून मी त्याला औषध म्हणत नाही. काही जण विणकामाला ध्यान म्हणतात, तेही मला पटत नाही. इगतपुरीला दहा दिवस बसून आलेल्याला विचारा, तो हसेल. विणताना मी शंभर गोष्टींचा विचार करत असतो. फक्त तो विचार करताना हात कुणावर उगारला जात नाही.

वस्तीत नाव पडायचे ते पडलेच. "काय काकू, स्वेटर झाला का?" असे नाक्यावरची पोरे विचारायची. मला याचे नवल वाटते. येवल्यात पैठणीच्या मागावर पुरुष बसतात, मालेगावात यंत्रमागावर पुरुष राबतात, कपडे शिवणारा शिंपी पुरुष. तिथे कुणी बायकी म्हणत नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे कायमचे ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी. हिशेब करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर येतात. विणणाऱ्या हातांवर त्या काळी नाशिकमध्ये एवढा भरवसा होता. माग वेगळा आणि दोन सुया वेगळ्या, हे मान्य. पण पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर सुयांवर विणतात ते पुरुषच. मुलगे लहानपणी टोपी विणायला शिकतात, मागावर बायकाही विणतात. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ब्रिटनचा टॉम डेली उंचावरून पाण्यात सूर मारण्याच्या जोडी स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला, आणि नंतर प्रेक्षकांत बसून विणत राहिला. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पिशवीही विणली होती. नाक्यावरच्या पोरांना मी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. तेव्हापासून काकूचे काका झालो.

आता अकोला. आमची मुलगी तिथे दिलेली आहे. बाळंतपणाला जूनमध्ये माहेरी यायची होती, पण मे महिन्यातच, आठव्या महिन्यात, तिला घाईने दवाखान्यात न्यावे लागले. ऑपरेशन झाले. मुलगा झाला, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. जन्मतः अडीच किलोच्या आत असेल तर ते बाळ कमी वजनाचे धरतात. फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सकाळची गाडी धरली. पत्नी खिडकीशी गप्प बसून होती. माझा हात खिशाकडे गेला. खिशात काही नव्हते, पण मनमाडला उतरून टपरी गाठणे अवघड नव्हते. मी पिशवीतून सुया काढल्या आणि ७२ टाके घातले.

मनमाडला एक वयस्क चाचा चढले, मालेगावचे, यंत्रमागावर आयुष्य गेलेले. समोर बसून बराच वेळ माझे हात बघत होते. मी म्हटले, आता हसतील. ते म्हणाले, "धागा तंग है. हाथ ढीला रखो." खरेच, काळजीने धागा पुन्हा ओढला जात होता. जळगावपर्यंत हात सैल झाला होता.

भुसावळला दुपार झाली. ज्याने मे महिन्यात भुसावळची दुपार पाहिली आहे त्याला सांगायला नको. खिडकीतून वारा नाही, भट्टीची झळ येते. ओला रुमाल मानेवर ठेवला, तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहिलो. उन्हाळ्यात लांब जाताना जीवनरक्षक साखर-मीठाची पाकिटे जवळ असावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जुलाब, उलट्या झाल्या किंवा खूप घाम जाऊन गळाल्यासारखे झाले तर हे द्यायचे. रक्तदाबवाल्यांनी उगाच दिवसभर मीठ घातलेले सरबत पिऊ नये, त्यांना साधे पाणी बरे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून उन्हाळ्याच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी मात्र चुकवू नये आणि ती मोठ्या बॅगेत नाही, अंगावरच्या पिशवीत ठेवावी. माणूस उन्हाने असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध पडू लागला, अंग तापून निघाले तर तो उष्माघात समजायचा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडीत असाल तर १३९. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

अकोल्याला पोचलो तेव्हा टोपी जवळजवळ झाली होती. घरून आणलेल्या दोन जुन्या टोप्याही होत्या. वॉर्डातल्या सिस्टरनी तिन्ही हातात घेतल्या आणि पहिल्यांदा उलट्या केल्या. एका टोपीत आत धाग्यांचे फासे सुटलेले होते. ती त्यांनी परत दिली. "काका, हे धागे बाळाच्या बोटाला गुंडाळले तर बोट काळं पडेल. मोज्यांत तर अजून धोका." मी तीन वर्षे विणतो आहे, पण टोपी आतून कधी पाहिली नव्हती.

बाहेर त्रेचाळीस अंश आणि बाळाला टोपी कशाला, असे पत्नीनेही विचारले. कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबी कमी असते, डोके अंगाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे पंख्याच्या किंवा एसीच्या खोलीत ते झपाट्याने गार पडते. गार पडले की दूध ओढत नाही. यावर उपाय आहे आईच्या उघड्या छातीवर बाळाला उभे बिलगून ठेवण्याचा. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि मोजे, वरून कापडाची बांधणी. याला कांगारू माता पद्धत म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरेनात तेव्हा, डॉक्टर एडगर रे यांनी ती सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटना ती जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगते. जितके जास्त तास, तितके चांगले. आणि नाव मातेचे असले तरी बापाची छातीही चालते.

अडले ते इथेच. मुलीचे ऑपरेशन झालेले, ती थकलेली. सिस्टर जावईबापूंना शर्ट काढायला सांगत होत्या आणि ते दारातून आत येईनात. "मामा, मला नाही जमायचं हे. बाया बघतात." मी काही उपदेश केला नाही. टोपीचे शेवटचे टाके राहिले होते. तिथेच बाकावर बसून, सगळ्या बायांच्या देखत, विणायला घेतले. एका म्हाताऱ्या आजीने विचारले, "कोणासाठी?" मी म्हटले, "नातवासाठी. बाप आत घेणार आहे त्याला." जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले आणि हात धुवायला गेले. त्या दुपारी दीड तास बाळ त्यांच्या छातीवर झोपले. टोपी थोडी सैल झाली होती, डोळ्यावर येत होती.

नातू अठरा दिवसांनी घरी आला. घरी आल्यावर सिस्टरनी सांगितलेली गोष्ट महत्त्वाची. बाळाचे वजन वाढले, खोली उकडत असली, तर झोपेत टोपी ठेवायची नाही. बाळ तापते. मानेमागे हात लावून पाहायचा. टोपी कधी बंद करायची हे आशाताईंना विचारायचे.

कुणाला शिकायचे असेल तर दहा नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडे आकडा मोठा तशी सुई बारीक. दुकानात लोकर म्हणून मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते, विस्तवाजवळ ते वितळते, म्हणून स्वयंपाक करताना अंगात नको. उन्हाळ्यात सुती दोरा बरा, हाताला घाम आला तरी चिकटत नाही. अर्ध्या तासाने सुया ठेवून मनगटे फिरवा, लांब पाहा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर काही दिवस थांबा. गाडीत सुयांच्या टोकांना खोडरबर खोचा, आणि शेजारी लहान पोर असेल तर विणूच नका.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला कंपनीतला जुना जोडीदार दारात आला. काका-काकू म्हणून सर्वांत जास्त हसलेला तोच. हातात तपासणीचा कागद, १७०/१००. डॉक्टरांकडे सकाळी जातो म्हणाला. जाताना हळूच विचारले, "ती सुई किती नंबरची म्हणालास?" मी घरातली जास्तीची जोडी दिली आणि पुडी मागितली. पुडी त्याने नाही दिली. सुया घेऊन गेला.