डेथ्सहेड आणि डासामागे एक आणा

‘वुल्फेन्स्टाइन : द न्यू ऑर्डर’ (2014) या व्हिडिओ गेममध्ये दुसरे महायुद्ध नाझी जर्मनी जिंकते. त्यातील डेथ्सहेड हा सेनानी-शास्त्रज्ञ कैद्याचा मेंदू काढून यंत्रमानवात बसवतो. त्याच्या क्रौर्याहूनही त्याचे निर्विकार कुतूहल अधिक भयावह वाटते.

माणसाच्या देहावरील प्रयोगाला संमती कोणाची, हा प्रश्न मात्र काल्पनिक नाही. ऑगस्ट 1897मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले. मोबदला डासामागे एक आणा. 20 ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडले. 1902चे नोबेल रॉस यांना मिळाले. रॉस खलनायक खचितच नव्हते. बेगमपेठेतील संस्थेला त्यांचेच नाव आहे. आज तसाच प्रयोग करायचा तर रुग्णाची लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता, दोन्ही अनिवार्य ठरतात.