सागरतळाचा जमाखर्च

सूर्यप्रकाशाचा किरणही जेथे पोहोचत नाही, तेथे जीवसृष्टी असणार तरी कशी, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना पडला होता. सुमारे साडेपाचशे मीटरांखाली समुद्र निर्जीव असावा, असे अनुमान एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने बांधले होते. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील सफरीने ते पार निकालात काढले. त्याच सफरीत खोल तळावरून बटाट्याएवढे काळे खडे वर आले. त्या काळी ते संग्रहालयाची शोभा ठरले. आज त्यांच्यावर अनेक राष्ट्रांचा डोळा आहे.

कारण उघड आहे. या खड्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. भारतही या स्पर्धेत मागे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘गवेषणी’ जहाजावरून असे खडे मिळवले. १९८७ मध्ये भारताला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून मान्यता लाभली, तर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी संशोधनाचा करार झाला. मध्य हिंद महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र त्यातून भारताच्या वाट्याला आले आहे.

ही संपत्ती काढावी की नाही, याचा विचार करताना जमेची बाजू ठळक अक्षरांत मांडली जाते. खर्चाच्या रकान्यात मात्र यंत्रे, जहाजे आणि इंधन एवढेच दिसते. खरा खर्च निराळाच आहे. हे खडे दहा लाख वर्षांत अवघे काही मिलिमीटर वाढतात. चिखलाच्या त्या अफाट पठारावर स्पंज आणि प्रवाळांना रुजायला तीच एक कठीण जागा. पेरूनजीकच्या समुद्रात तर खड्यांवर वाढलेल्या मृत स्पंजांच्या देठांवर अंडी घालून ती जपणारे अष्टपाद आढळले. खडा उचलला की हा सारा संसारच उचलला जातो.

त्याच समुद्रात १९८९ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगादाखल तळ नांगरून पाहिला. सव्वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, ते तेथे परतले तेव्हा नांगराचे तास जसेच्या तसे होते आणि जीवसृष्टी पूर्ववत झालेली नव्हती. शेतकऱ्याचे नांगरलेले रान एका पावसात हिरवे होते. सागरतळाला तो पाऊस ठाऊक नाही.

धातूंची गरज खरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गरजा बदलतात. निकेल आणि कोबाल्ट यांच्यावाचून चालणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आज वाहनांत सर्रास वापरल्या जातात. उद्या मागणी ओसरली, तर खाण बंद करता येईल. उजाड झालेला तळ मात्र पुन्हा वसवता येणार नाही. जो निर्णय फिरवता येत नाही, तो लांबणीवर टाकण्यालाही मोल असते, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे.

सागरतळ हा समस्त मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, अशी मागणी माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्डो यांनी १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात केली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते तत्त्व समाविष्ट झाले. वारसा म्हणजे केवळ वाटून घेण्याचे धन नव्हे. पुढच्या पिढीच्या हाती सोपवावयाची ती ठेवही आहे. पहिल्या रांगेतील राष्ट्र म्हणून मिळालेला मान भारताने उत्खननाची घाई करण्यात न दवडता, आधी ज्ञान आणि मग खाण, हा क्रम जगाकडून पाळून घेण्यासाठी वापरावा. अग्रणी म्हणवून घेण्यातली खरी जबाबदारी तीच आहे.