आधी नासा की आधी तवा?

येरवड्यात गुंजन चौकाच्या आसपास घरासाठी खरेदी करा किंवा ऑनलाइन मागवा. तव्यापासून गादीपर्यंत ‘नासा टेक्नॉलॉजी’ची जाहिरात भेटतेच. पारखायची कसोटी सोपी आहे: नासाची स्थापना १९५८ ची. त्याआधीची वस्तू नासाची कशी असेल?

गैरसमज: नॉनस्टिक तवा ही अवकाश मोहिमांची देणगी.
वस्तुस्थिती: ६ एप्रिल १९३८ रोजी ड्युपाँट कंपनीत रॉय प्लंकेट फ्रिजमधल्या वायूंवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू येईना, वजन मात्र भरलेल्याइतकंच. कापून पाहिलं, तर आत पांढरी, गुळगुळीत भुकटी. तेच टेफ्लॉन. १९५४ मध्ये फ्रान्सच्या मार्क ग्रेगॉर यांनी पत्नीच्या सांगण्यावरून ते भांड्याला लावलं.

गैरसमज: पोरांच्या बुटांचं वेल्क्रो नासाचं.
वस्तुस्थिती: स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांना ते सुचलं १९४१ मध्ये, कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं पाहून. अंतराळवीरांनी ते यानात भरपूर वापरलं, म्हणून नाव नासाचं झालं. नासा इथे नुसती गिऱ्हाईक.

गैरसमज: अमेरिकेने अंतराळात लिहिणाऱ्या पेनवर कोट्यवधी उधळले, रशियाने पेन्सिलीवर भागवलं.
वस्तुस्थिती: सुरुवातीला दोघांकडेही पेन्सिलीच होत्या. पण शिशाचा तुटलेला कण यानात तरंगतो, त्यातून वीज वाहते, शॉर्टसर्किटचा धोका. पेन पॉल फिशर यांनी स्वतःच्या पैशांनी बनवलं. नासाने ते विकत घेतलं, पुढे १९६९ मध्ये रशियानेही.

गैरसमज: मग सगळ्याच थापा!
वस्तुस्थिती: तसंही नाही. मेमरी फोम १९६६ मध्ये नासाच्याच कामातून निघाला, विमानाच्या आसनांसाठी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला सीमॉस सेन्सर १९९० च्या दशकात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या चमूने घडवला. यानांवरचे कॅमेरे त्यांना लहान करायचे होते. पण म्हणून दुकानातली उशी ‘नासाप्रमाणित’ ठरत नाही. नासा बाजारातल्या मालाची शिफारस करतच नाही.

गैरसमज: जयपूर फूट इस्रोचा शोध.
वस्तुस्थिती: तो कृत्रिम पाय कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपुरात घडवला, इस्रोच्या स्थापनेआधी. रॉकेटच्या कामात पॉलियुरेथेनवर हात बसलेल्या इस्रोने पुढे त्याच पदार्थाचा पाय तयार केला. श्रेय दोघांचं आहे, पण पहिलं कारागिराचं.