सडा, पाखाडी आणि एकवीस इंची चाक

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून फणसोप, गोळप करत पावसला येणारा रस्ता डांबरी आहे आणि वीसेक किलोमीटरचं ते अंतर कुठलीही स्कूटर आरामात कापते. त्यामुळे पावसमध्ये कोणी उंच सीटची, पुढे २१ इंची तारांचं चाक असलेली मोटरसायकल दारात आणून उभी केली, की शेजाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "एवढी उंच गाडी कशाला हो? लडाखला चाललात काय?" प्रश्न रास्त आहे. पण ही गाडी घ्यायला लडाख लागत नाही. मुख्य रस्ता सोडून कलमांच्या बागेकडे वळलं, की अर्ध्या किलोमीटरच्या आत डांबर संपतं. मग मुरूम लागतो, मग चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेले दोन खोल चर, मग उघडा कातळ, आणि शेवटी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढणारी अशी घाटी, की जिथे रेस देताच स्कूटरचं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं.

कोकणात अशा वाटांवर दुचाक्या पूर्वीपासून जातातच. घरोघर मासे पोचवणाऱ्यांच्या एम-एटीने ऐंशी-नव्वदच्या दशकात जे रस्ते तुडवले, ते बघितले तर आजच्या जाहिरातींतल्या 'ॲडव्हेंचर'चं हसू येतं. मागे बर्फाची पेटी, हँडलला पिशव्या, आणि खाली पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले गोटे. एम-एटी गेली, तिची जागा स्प्लेंडरने घेतली, आणि आजही बागेतून आंब्याचे क्रेट बहुतेक स्प्लेंडरवरूनच खाली येतात. या गाड्यांना ते जमतं, पण भोग भोगून. रिम वाकते, इंजिनाचा तळ कातळावर घासतो, मागचे शॉकअप दोन मोसमांत बसतात. जे काम स्प्लेंडर सोसून करते, त्यासाठीच मुद्दाम घडवलेली गाडी म्हणजे ड्युअल स्पोर्ट. दिवे, आरसे, नंबरप्लेट सगळं कायदेशीर, रस्त्यावर चालणारं. पण चाकं, शॉकअप आणि जमिनीपासूनची उंची मात्र कच्च्या वाटेच्या हिशोबाची.

हा प्रकार जगात रुजवला यामाहाच्या डीटी-१ या गाडीने, १९६८ साली. अडीचशे सीसीची, वजनाला हलकी; आठवडाभर कामावर न्यायची आणि रविवारी रानात घालायची. पुढे डकार रॅलीने अशा गाड्यांना वलय दिलं. आपल्याकडे हिरोने २०११मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी काढली. कल्पना चांगली होती, इंजिनात दम कमी होता, आणि गिऱ्हाईकही तयार नव्हतं. २०१६मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली. पण सामान्य माणसाच्या आवाक्यात हा प्रकार आणला तो मे २०१९मध्ये आलेल्या हिरोच्याच एक्सपल्स २००ने. कार्बोरेटरचं मॉडेल तेव्हा ९७ हजारांना होतं, एक्स-शोरूम. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, पुढच्या शॉकअपची चाल १९० मिलिमीटर.

हे आकडे जाहिरातीतले वाटतात, पण घाटीवर त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ कळतो. चाक जेवढं मोठं तेवढा त्याचा दगडावर चढण्याचा कोन सौम्य. १७ इंची चाक ज्या चिऱ्याच्या तुकड्याला अडखळतं, त्यावरून २१ इंची चाक सरळ वर चढून पलीकडे उतरतं. तारांचं चाक धक्का खाऊन थोडं दबतं आणि परत जागेवर येतं. अलॉय व्हील अशा वेळी तडकतं. शॉकअपची चाल जास्त म्हणजे खड्ड्यात चाक खाली जातं, गाडी मात्र फारशी जात नाही.

निवड करताना लोक सीसी बघतात. मी म्हणेन, किलो बघा. एक्सपल्सचं चार व्हॉल्व्हचं मॉडेल पेट्रोलसह १६० किलोच्या आत-बाहेर आहे. नवी हिमालयन, ४५२ सीसीची, १९६ किलो. मुंबई-गोवा महामार्गावर सामान लादून जायचं तर हिमालयनला तोड नाही. पण बागेच्या घाटीत गाडी आडवी होणार, हे गृहीत धरायचं, आणि त्या वेळी हाक मारायला आसपास कोणी नसतं. मधले हे पस्तीस किलो तेव्हा कळतात. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीची रचनाही बदलली आहे. ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के. तेव्हा कमी सीसीची हलकी गाडी आता खिशालाही बरी.

आडवी झालेली गाडी उचलण्याची एक रीत आहे आणि ती विकत घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात अंगणात शिकून घ्यावी. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर गिअरमध्ये टाकायची आणि साइड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलंडत नाही. मग सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एका हाताने जमिनीकडच्या बाजूची हँडलची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे सरकत उठायचं. वाकून हातांनी ओढणारा माणूस दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसलेला दिसतो. सीटची उंची सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे टेकत नाहीत. त्याला घाबरण्यासारखं काही नाही. सीटवरून थोडं एका बाजूला सरकून एकच पाय नीट टेकवायची सवय लागली, की पाच फूट दोन इंचांची मुलगीसुद्धा ही गाडी चालवते.

चालवण्याचं तंत्र जमिनीवर ठरतं, आणि आपली जमीन वर्षातून दोन वेळा स्वभाव बदलते. उन्हाळ्यात जांभ्याचे बारीक गोल खडे कातळावर पसरलेले असतात. त्यांच्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की संपलं. उतरणीला पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनाच्या ओढीवर गाडी आणायची आणि मागच्या ब्रेकची नुसती साथ द्यायची. एबीएस डांबरावर जीव वाचवतं, पण सुट्या खडीच्या उतारावर तेच ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबता थांबत नाही. म्हणून या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय दिलेली असते. खडबडीत वाटेवर फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरायची, हात सैल. वजन सीटवरून पायांत गेलं की गाडी खाली हवी तशी उडू दे, माणूस स्थिर राहतो. नजर चाकापुढे नाही, दहा-पंधरा हात पुढे.

पावसाळ्यात तोच कातळ शेवाळतो. चिखलाची धास्ती सगळ्यांना असते. खरा धोका या काळपट हिरव्या थराचा. चिखलात जाड उंचवट्यांचा टायर काहीतरी पकडतो, शेवाळावर कुठलाही टायर काहीही पकडत नाही. तिथे वळायचं नाही, ब्रेक नाही, रेस वाढवायची नाही. सरळ, एका लयीत पार व्हायचं किंवा उतरून ढकलायचं. पऱ्याला पाणी असेल तर आधी चालत जाऊन बघावं. तळ दिसत नसेल तर थांबावं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारायचा मोह आवरायचा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बघायचा, आणि ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी टेम्पोत घालून आणायची.

रात्रीचा प्रवास मी टाळायला सांगतो. पावस-मेर्वी भागात बिबट्याने दुचाकीस्वारांवर झडप घातल्याच्या बातम्या काही वर्षांपूर्वी ओळीने येत होत्या, आणि रानडुक्कर तर आडवं येण्यापूर्वी बातमीही देत नाही.

गाडी जाते म्हणून सगळीकडे न्यावी असं मात्र नाही. वाडी-वाडीला जोडणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या माणसांच्या पायांसाठी बांधलेल्या आहेत. त्यांच्या पायऱ्यांवरून गाडी उतरवण्याचे व्हिडिओ झकास दिसतात आणि चिरे निखळतात. गणेशगुळ्याच्या किंवा गावखडीच्या वाळूत गाडी घालण्याचंही तसंच. गावखडीला हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. किनाऱ्यावर गाड्या फिरवणाऱ्यांवर जिल्ह्यात गुन्हेही दाखल झाले आहेत. आणि सडा. पावसाळ्यानंतर तिथे जी बोटभर उंचीची फुलं उमलतात ती कातळावरच्या जेमतेम पेरभर मातीत. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. पूर्णगडचा मुचकुंदीवरचा पूल ओलांडून गावखडीमार्गे कशेळीला गेलं, की सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं सडे पायी पालथे घातले तेव्हा ही जगापुढे आली. मातीखाली न सापडलेली अजून असणार. म्हणून सड्यावर मळलेली गाडीवाट सोडायची नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

आता खर्चाचा आणि कष्टांचा भाग. शहरातले मित्र विचारतात, एवढ्या खडबडीत वाटांनी गाडी खिळखिळी होत नाही का? होत नाही. गाडीला खाते ती इथली हवा. एका बाजूला समुद्राचं खारं वारं, दुसरीकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेल्या काळात पिठासारखी लाल धूळ. गाडी महिनाभर नुसती पडवीत उभी ठेवली तरी गंजते. तारांपासून सुरुवात होते. तार जिथे निप्पलमध्ये शिरते तिथे पाणी साचतं, निप्पल गंजून जाम होतो आणि मग तार आवळायला गेलं की ती पिळवटून तुटते. दर पंधरवड्याला प्रत्येक निप्पलवर तेलाचा एक थेंब टाकायचा. त्याच वेळी चाक हवेत फिरवून छोट्या पान्ह्याने एकेक तार हलकी वाजवावी. आवळलेली तार टणकन बोलते, सैल झालेली थड्ड करते. ती थड्ड सापडली की पाव फेरा आवळायचा, जास्त नाही, नाहीतर रिम डोलायला लागते.

चेन हा दुसरा कारभार. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोलने धुवायचं नाही, रबर सुकतं. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, फडक्याने कोरडी करून आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल, आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पुसण्याचा कंटाळा केला तर त्या तेलावर लाल धूळ बसून त्याची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते आणि चेनबरोबर स्प्रॉकेटचे दातही झिजवते. पावसाळ्यात हे दर तीन-चारशे किलोमीटरला करावं लागतं, कंपनीच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असलं तरी. एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. आंब्याच्या हंगामात पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यातच तो विटकरी होतो. बऱ्याच नव्या गाड्यांना रेडिएटर असतो. त्याच्या जाळीत चिखल वाळला की गाडी तापते. तो पाइपच्या साध्या धारेने धुवावा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशरने जाळी वाकते, आणि तेच प्रेशर चाकाच्या बेअरिंगवर मारलं तर सील ओलांडून पाणी आत शिरतं.

ग्रीसचा डबा ज्याच्या घरी नाही त्याने ही गाडी घेऊ नये. पाऊस सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास असं दोनदा पुढचा-मागचा ॲक्सल, मागचा चिमटा, हँडलचा कोनसेट आणि मागच्या शॉकअपला लिंकेज असेल तर तेही खोलून जुनं ग्रीस पुसून नवं भरायला हवं. फिटर हे आपणहून करत नाही, सांगावं लागतं. "काका, कोकणात ॲक्सल ठोकून काढायची वेळ आली तर समजा उशीर झाला," असं एका फिटरने मला ऐकवलं होतं. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल खेचतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर ती आतून गंज धरते.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे, कारण तारांच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते. दोन टायर लिव्हर, हातपंप, पॅच आणि एक जादा २१ इंची ट्यूब एवढं सामान सीटमागे बांधून ठेवावं. अडचणीत हीच ट्यूब मागच्या १८ इंची चाकातही दुमडून घरापर्यंत चालते. टायर बसवताना लिव्हर ट्यूबला चिमटते, त्यासाठी आधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार द्यायचा.

फेरफारांची हौस आवरती घ्यावी. हँडगार्ड, इंजिनाखालची पत्र्याची ढाल, बस. फाटक्या आवाजाचा सायलेन्सर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच बोट दाखवते.

जुनी घेणार असाल तर एमएच-०८ पासिंगची गाडी रंगावरून घेऊ नका, पुसून चकचकीत करायला दोन तास लागतात. निप्पल बघा, ॲक्सलचा नट सुटतो का बघा, टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारून आत बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलेला आहे. शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आणि गंजाचे ठिपके बघा. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, खडखड आली तर किंमत खाली उतरवा. आणि मालकाला सहज विचारा, ग्रीस शेवटचं कधी भरलं? तो महिना सांगू शकला तर गाडी घ्या. "सर्व्हिसिंग सगळं शोरूमला" एवढंच म्हणाला, तर आणखी दोन गाड्या बघून या.