नव्या प्राण्याचे नाव छापून येते तेव्हा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीचा उगम होतो. उगमाजवळ महादेवाचे मंदिर असून तेथील कुंडाच्या स्वच्छ पाण्यात एक लहानसा मासा राहतो. भाविकांनी तो पाहिला असेल, गावातील मुलांनीही पाहिला असेल; परंतु विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती. २०२० साली ‘अ‍ॅक्वा’ या मत्स्यशास्त्रविषयक नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले आणि ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव त्यास प्राप्त झाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने या ठिकाणचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. मासा पूर्वीही तेथेच होता. नवीन होते ते त्याचे नाव, आणि त्या नावामुळेच त्याच्या अधिवासाच्या रक्षणाचा मार्ग मोकळा झाला.

ज्या प्राण्यास नाव नाही त्याची गणना होत नाही, त्याचा समावेश संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीत करता येत नाही आणि त्याच्यासाठी अधिसूचनाही काढता येत नाही. हे नाव ज्या नियतकालिकांतून जन्मास येते, त्यांच्या जगात गेल्या पाव शतकात मोठे परिवर्तन घडून आले आहे. हा विषय वरकरणी केवळ तज्ज्ञांचा वाटला, तरी त्याचे परिणाम गावच्या ओढ्यापर्यंत आणि देवराईपर्यंत येऊन पोचतात.

नाव कसे सिद्ध होते?

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ त्या वर्षापासून मानला जातो. पुढे १८९५ साली प्राणिनामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि त्याने तयार केलेली नियमसंहिता आज सर्व देशांत पाळली जाते. तिच्या नियमांनुसार नवे नाव रीतसर प्रसिद्ध झालेले असावे लागते. सभेत केलेली घोषणा किंवा वृत्तपत्रातील बातमी त्यासाठी पुरेशी होत नाही. नावाबरोबर त्या जातीला इतरांपासून वेगळी दाखविणारी लक्षणे द्यावी लागतात. तसेच २००० सालापासून एक मूळ नमुना निश्चित करून तो नमूद करणे आवश्यक ठरले आहे. या नमुन्यास शास्त्रज्ञ ‘होलोटाइप’ म्हणतात. पुढे केव्हाही शंका उत्पन्न झाली तर संग्रहालयात जतन केलेला हा नमुना साक्षीदाराचे काम करतो. एकाच प्राण्यास दोन नावे पडल्यास सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे प्रसिद्धीच्या तारखेला येथे जमिनीच्या दस्तऐवजावरील तारखेइतकेच महत्त्व आहे.

संग्रहालयांचा काळ

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात हे काम प्रामुख्याने संग्रहालये व विद्वत्संस्था यांच्या नियतकालिकांतून होत असे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १९०७ पासून आपले ‘रेकॉर्ड्‌स’ काढण्यास प्रारंभ केला. १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाची स्थापना झाल्यावर ही परंपरा त्या विभागाने पुढे चालविली. जगभर प्रसिद्ध होणाऱ्या अशा लेखनाची सूची ठेवण्याचे काम ‘झूऑलॉजिकल रेकॉर्ड’ हा सूचिग्रंथ १८६४ पासून करीत आला आहे.

या नियतकालिकांतील लेख साक्षेपाने लिहिलेले असत. मात्र अंक मोजके, पृष्ठे मर्यादित आणि चित्रांचा खर्च मोठा अशी स्थिती होती. दीर्घ लेखास जागा मिळण्यासाठी थांबावे लागे. विलंबाचे दुसरे व अधिक गंभीर कारण म्हणजे तज्ज्ञांची उणीव. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळून आले की, नमुना गोळा झाल्यापासून त्याचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षे लोटतात. एवढ्या अवधीत एखाद्या ठिकाणचे जंगल तुटू शकते, ओढा आटू शकतो आणि बाटलीतील नमुना हीच त्या प्राण्याची अखेरची खूण ठरण्याचा धोका संभवतो.

वेगवान प्रकाशनाचा उदय

२००१ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथून ‘झूटॅक्सा’ हे नियतकालिक सुरू झाले. केवळ प्राण्यांचे वर्गीकरण हाच त्याचा विषय. लेखाच्या लांबीवर बंधन नाही आणि लेख तयार होताच प्रसिद्धी, असे त्याचे धोरण होते. अल्पावधीतच त्याची वाढ एवढी झाली की, जगातील नव्या प्राणिनामांपैकी सुमारे एक पंचमांश नावे या एकाच नियतकालिकातून येऊ लागली. आंबोलीचा संबंध येथेही येतो. तेथील एका देवगांडुळाचे, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचर प्राण्याचे, वर्णन २००३ साली ‘झूटॅक्सा’मध्ये आले. ज्येष्ठ निसर्गशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांच्या गौरवार्थ त्यास ‘गेजेनिओफिस डॅनिएली’ असे नाव देण्यात आले.

२००८ साली बल्गेरियातून ‘झूकीज’ हे नियतकालिक निघू लागले. त्यातील प्रत्येक लेख इंटरनेटवर कोणासही विनामूल्य वाचता येतो. २०११ साली युरोपातील संग्रहालयांच्या साहाय्याने आणखी एक नियतकालिक सुरू झाले. त्यात लेखक व वाचक या दोघांकडूनही शुल्क घेतले जात नाही. अशा मुक्त प्रकाशनाचा लाभ जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयासही होतो, कारण महागड्या वर्गणीवाचून ताजे संशोधन तेथे पोचते. आंबोलीच्याच वाघासारखे पट्टे असलेल्या भेकाचे वर्णन २००९ साली अशाच एका खुल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते.

नियमांना मात्र या वेगाशी जुळवून घेण्यास काही काळ लागला. २००९ साली जर्मनीतील मेसेल येथील एका प्राचीन जीवाश्माचे ‘डार्विनियस’ हे नाव केवळ संगणकावर उपलब्ध असलेल्या नियतकालिकात आले. तत्कालीन संहितेस असे प्रकाशन मान्य नसल्याने घाईघाईने ५० छापील प्रती काढून ते नाव वैध करून घ्यावे लागले. अखेर २०१२ साली आयोगाने संहितेत दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनास मान्यता दिली. ‘झूबँक’ या अधिकृत नोंदवहीत त्या लेखाची आगाऊ नोंद केलेली असली पाहिजे, अशी अट त्यास घालण्यात आली.

लेखांचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी एकच लेखक काही रेखाचित्रे देऊन वर्णन करीत असे. आता छायाचित्रे, जनुकीय पुरावा, बेडकांच्या बाबतीत आवाजाचे ध्वनिमुद्रण अशी विविध सामग्री दिली जाते आणि अनेक लेखक मिळून काम करतात. दिसण्यात सारख्या असलेल्या जाती यामुळे वेगळ्या ओळखता येऊ लागल्या.

नाण्याची दुसरी बाजू

वेग आणि विस्तार यांबरोबर काही दोषही आले. पहिला दोष मूल्यमापनाचा. संशोधकाची बढती व अनुदान पुष्कळदा त्याच्या लेखाचा किती वेळा उल्लेख होतो यावर अवलंबून असते. वर्गीकरणाचे लेख शंभर वर्षांनीही उपयोगी पडतात. परंतु पहिल्या दोन वर्षांत त्यांचा उल्लेख थोडा होतो. २०२० साली तर नियतकालिकांची क्रमवारी लावणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कंपनीने, ‘झूटॅक्सा’मधील लेख त्याच नियतकालिकातील लेखांचा फार उल्लेख करतात या कारणास्तव, त्यास क्रमवारीतून वगळले. या क्षेत्रातील बहुसंख्य लेख तेथेच छापले जात असतील तर असे होणे क्रमप्राप्तच होते. जगभरातील शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

दुसरा दोष नियमातील पळवाटेचा. नाव वैध होण्यासाठी लेख अन्य तज्ज्ञांकडून तपासून घेतलाच पाहिजे असे संहिता सांगत नाही. याचा फायदा घेऊन स्वतःच काढलेल्या नियतकालिकातून सरीसृपांची शेकडो नावे प्रसिद्ध करण्याचे प्रकारही घडले. अशी नावे वापरू नयेत, असे आवाहन सरीसृपतज्ज्ञांना २०१३ साली करावे लागले.

तिसरा धोका सर्वांत गंभीर होय. इंडोनेशियातील रोटे बेटावरील लांब मानेच्या कासवाचे वर्णन १९९४ साली प्रसिद्ध झाले. नवी व दुर्मिळ जाती म्हणून परदेशातील हौशी संग्राहकांची मागणी एवढी वाढली की, काही वर्षांतच ते कासव निसर्गातून नाहीसे होण्याच्या मार्गाला लागले. जे प्रकाशन संरक्षणाचे साधन व्हावे, तेच शिकाऱ्याचा नकाशा ठरले. म्हणूनच अलीकडे व्यापारात मागणी असलेल्या प्राण्यांचे नेमके ठिकाण लेखात न देण्याकडे अनेक संशोधकांचा कल दिसून येतो.

स्थानिक संस्था व शिक्षक यांचे कार्य

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३ या एका वर्षात देशातून ४४२ जाती विज्ञानास सर्वस्वी नवीन म्हणून नोंदल्या गेल्या. सह्याद्रीच्या कुशीतील पठारे, झरे व देवराया यांतून अजूनही नव्या जाती मिळत आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नव्या जातीचा शोध लागल्यास तिची माहिती नियुक्त संस्थेस कळवून नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. याच कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. वारसा स्थळ घोषित करतानाही शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करते.

ही नोंदवही केवळ कागदी सोपस्कार ठरू नये. कोणत्या झऱ्यात कोणता मासा दिसतो, पहिल्या पावसात कोणता बेडूक ओरडतो, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. ते तारीख-वारासह लिहून ठेवणे हे संशोधनाचे पहिले पाऊल होय. युरोपात अलीकडे वर्णन झालेल्या नव्या जातींपैकी साठ टक्क्यांहून अधिक जातींचे वर्णन हौशी अभ्यासकांनी केल्याचे दिसून आले आहे. आपल्याकडील शिक्षकांनाही या कार्यात भाग घेता येईल. मात्र प्राणी पकडणे वा जमविणे टाळून छायाचित्र व टिपण यांवरच भर द्यावा, आणि दुर्मिळ प्राण्याचे ठिकाण जाहीर करण्यापूर्वी वन विभागाचा अथवा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आंबोलीच्या कुंडातील माशास त्याचे नाव वेळेवर मिळाले. ते छापून येण्यापूर्वीच कुंडाची नासाडी झाली असती तर काय हरवले हे सांगणेही कोणास शक्य झाले नसते. गावोगावच्या अशा किती कुंडांना व ओढ्यांना अद्याप अभ्यासक भेटलेला नाही, याचा विचार त्या त्या गावाने करणे अगत्याचे आहे.