दूरस्थ शिक्षण घेणारा विद्यार्थी आणि स्थानिक मंडळी

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या अनेक मंडळ्यांत, शाळा-महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास, विद्यार्थ्यांसाठी विशेष प्रार्थना करण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी पुढे येऊन उभे राहणाऱ्यांत गणवेशातील मुलेमुली असतात, पदवीपूर्व महाविद्यालयात जाणारे असतात, क्वचित एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही असतो. परंतु दिवसा भालकीच्या एखाद्या दुकानात काम करून रात्री मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.चा अभ्यास करणारा तरुण त्यांत नसतो. त्याला कोणी बोलावीत नाही; आणि खरे सांगावयाचे तर आपणही विद्यार्थी आहोत असे त्याचे त्यालाच फारसे वाटत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो अभ्यास सोडून देतो, तेव्हाही ते कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो शिकत होता हेच मुळी कोणास ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखात या विद्यार्थ्याचा, आणि त्याच्या संबंधात पाळक व धर्मशिक्षक यांच्या कर्तव्याचा, विचार करावयाचा आहे.

ही शिक्षणपद्धती आपल्या भागास नवी नाही. म्हैसूर विद्यापीठाने 1969 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. त्याच संस्थेतून पुढे 1996 मध्ये कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ निर्माण झाले. शेजारी हैदराबादेस 1982 मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, 1985 मध्ये दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पूर्वी टपालाने येणारे पुस्तक आता भ्रमणध्वनीवर येते, व्याख्यान पडद्यावर दिसते. 2020 च्या महामारीनंतर तर ‘ऑनलाइन’ हा शब्द खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्यांच्याही तोंडी बसला आहे. साधन बदलले, परंतु विद्यार्थ्याची मुख्य अडचण बदललेली नाही. पुस्तक घरी येते. समजावून देणारा येत नाही.

बीदर नगरात महमूद गवानाने 1472 मध्ये बांधविलेल्या मदरशाचे अवशेष आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. विद्वानांस एका ठिकाणी आणावे, ग्रंथसंग्रह करावा आणि शिष्यांनी त्यांच्या सान्निध्यात राहावे, ही विद्यादानाची जुनी व सर्वमान्य रीत होय. आपल्या सेमिनरीही त्याच रीतीने चालत आल्या आहेत. या रीतीचा लाभ निर्विवाद आहे, पण तिची किंमतही आहे: ज्याला घरदार सोडून जाता येत नाही तो दाराबाहेर राहतो.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीनेच एकदा फार स्पष्टपणे ओळखली होती. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या चालकांना असे दिसून आले की, राजधानीतील वसतिगृहात शिकून गेलेल्यांपैकी फार थोडे ग्रामीण मंडळ्यांच्या सेवेत टिकतात. उलट त्या मंडळ्यांचे जे खरे पुढारी, म्हणजे शेतीवाडीत व संसारात गुंतलेले प्रौढ पुरुष, त्यांस सेमिनरीत येणेच अशक्य आहे. तेव्हा 1963 मध्ये रॅल्फ विंटर, जेम्स एमरी व त्यांच्यामागून रॉस किन्स्लर यांनी सेमिनरीच विद्यार्थ्यांकडे नेली. घरी अभ्यास, मंडळीत सेवा आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रात शिक्षकाशी भेट, असा हा क्रम होता. भारतात या पद्धतीचे कार्य ‘टॅफ्टी’ या संस्थेने 1971 मध्ये बंगळूर येथून आरंभिले. टेड वॉर्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीस कुंपणाचा दाखला दिला आहे. कुंपणाच्या दोन आडव्या फळ्या म्हणजे पुस्तकी ज्ञान व प्रत्यक्ष अनुभव; परंतु त्या दोहोंना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे नियमित भेटी. खांब काढले की दोन्ही फळ्या जमिनीवर पडतात. मायकेल मूर या अभ्यासकानेही असेच प्रतिपादिले आहे की, दूरस्थ शिक्षणातील ‘दूरत्व’ मैलांत मोजावयाचे नसते. शिक्षक व विद्यार्थी यांच्यात संवाद जितका कमी, तितके ते अंतर अधिक. या अर्थाने पाहिले तर, शंभर जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थीही दूरस्थच असू शकतो!

शास्त्राच्या दृष्टीने या विषयाचे बीज प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8, यातील कूशी षंढाच्या वृत्तांतात सापडते. सुवार्ताप्रसार व बाप्तिस्मा या संबंधांत आपण या उताऱ्यावर नेहमी बोलतो. येथे त्याकडे शिक्षणाच्या अंगाने पाहावयाचे आहे. या मनुष्याजवळ काय नव्हते? राणीच्या खजिन्यावरील अधिकार होता, रथ होता, यशयाचा ग्रंथ होता, वाचता येत होते आणि शिकण्याची इतकी ओढ होती की परतीच्या प्रवासातही त्याचे वाचन चालू होते. म्हणजे आजच्या भाषेत, प्रवेश झाला होता, साहित्य मिळाले होते, साधन हाती होते. तरी अर्थ लागत नव्हता. फिलिप्पाच्या प्रश्नात मूळ ग्रीकमध्ये एक शब्दखेळ आहे. ‘गिनोस्को’ म्हणजे जाणणे आणि ‘अनागिनोस्को’ म्हणजे वाचणे. दोन्ही क्रियापदे जवळजवळ ठेवून फिलिप्प विचारतो की, जे वाचतोस ते जाणतोस काय? आणि उत्तरात तो अधिकारी म्हणतो की, कोणी वाट दाखविल्यावाचून ते कसे शक्य आहे? येथे ‘होदेगेओ’ हे क्रियापद आले आहे. ‘होदोस’ म्हणजे वाट, त्यावरून हे ‘वाट दाखविणे’. योहान 16 : 13 मध्ये सत्याचा आत्मा शिष्यांना सत्यात नेईल असे प्रभू सांगतो, तेथेही हेच क्रियापद आहे. तेव्हा समजावून देण्याचे काम हे पाळकीय सेवेच्या बाहेरचे, केवळ शाळामास्तरांचे काम, असे मानण्यास शास्त्राचा आधार नाही.

फिलिप्प काय करितो हेही क्रमाने पाहण्याजोगे आहे. तो शोमरोनात यशस्वी सेवा करीत होता. तेथून त्याला ओसाड वाटेवर, एका माणसासाठी, पाठविण्यात येते. तो रथाकडे धावत जातो, रथ थांबवून त्यास आपल्याकडे बोलावीत नाही. प्रथम तो ऐकतो, मग विचारतो आणि बोलाविल्यावरच वर चढून शेजारी बसतो. प्रश्न विद्यार्थी विचारतो, आणि शिक्षक ‘ह्याच शास्त्रलेखापासून’ आरंभ करितो. आपल्या सोयीच्या धड्यापासून नव्हे. शेवटी फिलिप्प दृष्टीआड होतो आणि शिष्य आनंदाने आपली वाट चालू लागतो. ज्याला शिकविले त्याला कायमचे आपल्यावर अवलंबून ठेवावे असा मोह आपणां सेवकांस होतो, म्हणून हा शेवट विशेष लक्षात घ्यावा.

पौलाच्या पत्रांसंबंधी येथे एवढेच सांगतो की, ती पत्रे एकटी प्रवास करीत नसत. कलस्सैकरांस पत्र गेले त्याबरोबर तुखिक गेला. रोमकरांच्या पत्रात फिबीची शिफारस आहे. करिंथकरांना पौलाच्या शिक्षणाची आठवण देण्यास तीमथ्य पाठविला गेला. लेखी साहित्य आणि जिवंत माणूस यांची जोड आपल्या धर्मात मुळापासून आहे.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. येथील विद्यार्थ्यापुढे एक अडचण अशी आहे जी पुण्याच्या वा म्हैसूरच्या विद्यार्थ्याला नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील पुष्कळ मुले मराठी शाळेत शिकली आहेत. घरी मराठी, बाजारात कन्नड व दखनी, कचेरीत कन्नड आणि पदवीच्या पुस्तकात इंग्रजी, असा त्यांचा संसार आहे. राज्य मुक्त विद्यापीठाचे साहित्य कन्नड व इंग्रजीत, राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे मुख्यतः इंग्रजी व हिंदीत. ज्या विद्यापीठाचे साहित्य मराठीत आहे ते नाशिकचे, पण राज्य मुक्त विद्यापीठांस आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालविण्याची मुभा नाही. जे उदगीर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्याचाच एक तालुका होते, ते आता मराठी पदवीच्या दृष्टीने पलीकडचे झाले आहे. कमलनगरच्या मुलाला ते जवळ आहे, त्याने जरूर चौकशी करावी. परंतु हुमनाबादच्या नोकरदार मुलीला दर संपर्कसत्रास सीमा ओलांडणे कसे परवडावे? 2020 च्या नियमावलीप्रमाणे पूर्णतः ऑनलाइन पदवीस ही भौगोलिक मर्यादा लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

म्हणून आपल्या भागातील साहाय्यकाचे पहिले काम भाषेचे आहे. विद्यार्थी इंग्रजीत वाचतो, त्याला मराठीत विचारावे आणि मराठीतच सांगू द्यावे. आपल्या भाषेत जे सांगता आले ते समजले असे धरावे. त्यानंतर तेच उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहून पाहावे. यासाठी पाळकाला अर्थशास्त्र यावे लागत नाही. पुढची ओळ वाचावी, ‘म्हणजे काय?’ असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी, इतकी साधी ही सेवा आहे. विषय जाणणारा मनुष्य लागलाच तर मंडळीतील निवृत्त शिक्षक-शिक्षिका बहुधा बोलावण्याचीच वाट पाहत असतात.

दुसरे काम चौकशीचे. मत्तय 15 : 14 मध्ये आंधळ्या वाटाड्याविषयी जो इशारा आहे, तेथेही ‘होदेगेओ’ हेच क्रियापद आहे! कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता 2012–13 नंतर चालू नसल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये जाहीर केले, आणि ती 2018 मध्ये पुन्हा मिळाली. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्यांचा प्रश्न किती बिकट झाला हे या भागात सर्वश्रुत आहे. संस्थेचे नाव मोठे आहे एवढ्यावर विसंबू नये. अमुक अभ्यासक्रमास अमुक वर्षी मान्यता आहे की नाही हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. 2024 पासून अशा प्रवेशासाठी त्याच विभागाचा ओळख क्रमांक काढणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी आधार व भ्रमणध्वनी यांची जोडणी ठीक असावी लागते. दुकानदाराला पैसे देऊन अर्ज भरून घेणारा विद्यार्थी पुष्कळदा त्याचाच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवून येतो आणि पुढे सारे निरोप दुकानात पडून राहतात.

तिसरे, दिनदर्शिका. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत स्वाध्यायांस सुमारे 30 टक्के व सत्रान्त परीक्षेस 70 टक्के महत्त्व असते. परीक्षा जून व डिसेंबरात होतात आणि स्वाध्याय त्याआधी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. एखादा विषय राहिला तरी पुढील वर्षाची नोंदणी करता येते आणि तीन वर्षांच्या पदवीस सामान्यतः सहा वर्षांपर्यंत मुदत असते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांनी ‘मी नापास झालो’ असे समजून पुस्तके बांधून ठेवली असतील! ज्याला अपयश वाटते आहे त्याला नियम वाचून दाखविणे हीही सांत्वनाची सेवा होय.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. तयार उत्तरे विकत मिळतात आणि आता यंत्राकडूनही लिहून मिळतात. दयाबुद्धीने एखादा सेवक स्वतःच स्वाध्याय लिहून देतो, असेही घडते. ही दया नव्हे. फिलिप्पाने षंढाच्या वतीने यशया वाचला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत भेटीची जागा व वेळ यांचा विचार सासरच्या माणसांशी बोलून करावा. घरात भ्रमणध्वनी एकच, तो दिवसभर नवऱ्याजवळ, आणि व्याख्यान सायंकाळी सहाला, ही स्थिती विरळा नाही. महिला मंडळाच्या सभेनंतर एक तास, मंडळीच्या खोलीत, दोघी-तिघींनी एकत्र बसून व्याख्यान पाहावे, ही व्यवस्था सासूलाही सहसा आक्षेपार्ह वाटत नाही. भेट आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी असावी. चार माणसे आली नाहीत म्हणून ती रद्द करू नये. एक आला तरी खांब उभा राहतो.

सेरामपूर सिनेटच्या बाह्य अभ्यासक्रमांस बसलेले आपले धर्मशिक्षकही याच वर्गातले विद्यार्थी आहेत. त्यांनी या भेटीस शिकवणारा म्हणून यावे आणि शिकणारा म्हणूनही यावे. दोन्हीही पुस्तके एकाच मेजावर उघडता येतात.

परीक्षेची व्यवस्था मात्र आधीच पाहावी. केंद्र कलबुर्गीस आले तर 2017 पासून बीदरहून थेट रेल्वे आहे, तरी सकाळच्या सत्रासाठी आदल्या दिवशी पोहोचणे बरे. अशा वेळी तरुणाला लॉजचे भाडे जड जाते आणि मुलीला तर घरून निघूच देत नाहीत. जून व डिसेंबर या दोन महिन्यांत कलबुर्गीच्या मंडळ्यांनी दोन-चार कुटुंबांची नावे काढून ठेवावीत आणि बीदरकडील पाळकांनी परीक्षार्थींची नावे व तारखा त्यांस पंधरा दिवस अगोदर कळवाव्यात.